पंख्याखालची जागा

शनिवार, २ नोव्हेंबर १९७४

गालगुंड गेलं. जागाही गेली!

तीन शनिवार मी अंथरुणात, तोंड भोपळ्याएवढं. आणि आमच्या नाचाच्या स्पिंडल क्लबचा नियम सगळ्यांना पाठ — जागेचा धनी तीन शनिवार आला नाही की जागा कोणाचीही. स्टेजसमोरची, पंख्याखालची. दोन वर्षं माझी. तिथलं लाकूड माझ्या टाचांनी गुळगुळीत झालंय. आज बघते तर तिथे लिनेट. शाळेपासूनची मैत्रीण, दुकानात गुडघे टेकून लोकांच्या पायात बूट चढवणारी लिनेट.

तिने जागा अडवून धरली असती तर भांडता तरी आलं असतं. ती गाणं अर्धं टाकून बाजूला झाली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ये गं एव्हरिल, तू नाच इथे. आजारातून उठलीयेस." म्हातारीला बसमध्ये जागा द्यावी तशी. मी म्हटलं, "राहू दे, तुलाच हवा लागते जास्त." आणि दाराशी जाऊन नाचले, लोकांचे ओले कोट टांगतात तिथे.

ती छान नाचते. हे फक्त इथे लिहितेय.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

बाहेर दरवर्षीच्या पाच नोव्हेंबरच्या शेकोट्या, फटाके. आई म्हणाली, "जा की जरा, घुम्यासारखी काय बसलीस?" गेले नाही. डोक्यात एकच — ती दिलदार, आणि मी बिचारी.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

कारखान्यात आज बिस्किटांच्या क्रीमवर काम. पिठीसाखरेची पोती. केस, पापण्या, बाह्या, सगळं पांढरं. अगदी पावडर माखल्यासारखं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

लिनेट नाचायच्या आधी पायाखाली पावडर टाकते — आम्ही सगळेच टाकतो, बुटाचा चामड्याचा तळ सरकावा म्हणून. तिचा डबा लॅव्हेंडरचा. तसाच एक आणला, रिकामा केला, पिठीसाखर भरली. वर चिमूटभर खरी पावडर. वास यायला नको का!

स्वयंपाकघरात करून बघितलं. कोरडी असते तोवर बूट मजेत सरकतो. चार थेंब पाणी पडलं की पाक. तळ जागच्या जागी धरून ठेवतो. नंतर आई कुरकुरली, "फरशी चिकट का लागतेय गं?" म्हटलं, जॅम सांडला.

रविवार, १० नोव्हेंबर

झालं.

काल लिनेट तोंड धुवायला गेली तेव्हा तिच्या पिशवीतला डबा बदलला. आली, हौसेने भरपूर शिंपडली. पहिली दोन गाणी पाणी वाहावं तशी नाचली. मला वाटलं, माझंच गणित चुकलं. मग क्लबात गाणी लावणाऱ्या रॉयने तिची आवडती तबकडी लावली — दुसऱ्या क्लबवाल्यांना नाव कळू नये म्हणून तो तिच्यावर पांढरा कागद चिकटवतो ती. लिनेट घामाने निथळत होती. गिरकी घेतली. अंग फिरलं, पाय फिरला नाही. गुडघ्याचा आवाज मला गाण्यातून ऐकू आला.

पालथी पडली, तोंड त्या पांढऱ्यात. रॉयने गाणं बंद केलं. सगळ्यात आधी मी धावले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. रडलेसुद्धा, आणि ते रडणं खोटं नव्हतं. गर्दीत डबाही परत बदलला.

तिचं फक्त हसं व्हावं एवढंच मनात होतं, असं लिहिणार होते. पण वहीला कशाला फसवू? गुडघा मोडावा असंच वाटत होतं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

इस्पितळात जाऊन आले. मांडीपर्यंत प्लॅस्टर. डॉक्टर म्हणतात चालता येईल, पण गिरक्या विसरा. तिच्या आईला म्हणे धक्का बसलाय. लिनेट मात्र शांत.

कारखान्यातून मिळते ती तुटक्या बिस्किटांची पिशवी नेली होती. तिने एक खाल्लं. बराच वेळ ओठ चाटत बसली.

"कसली साखर घालता गं यात?"

"पिठीसाखर."

"हं." मग म्हणाली, "तीन शनिवार मी काही यायची नाही. मग जागा तू घे."

"घाई काय आहे?" मी म्हटलं.

परतताना बसमध्ये हसू आवरत नव्हतं. शेवटी खिडकीकडे तोंड केलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

एक. पंख्याखाली कोणी फिरकलं नाही. दाराशी नाचले. थांबायला मला येतं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

दोन. रॉय माझ्याशी बोलत नाही. लिनेटला भेटायला जातो म्हणे. लग्न करा म्हणावं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

तीन! नवा घेरदार स्कर्ट शिवून तयार.

रविवार, ८ डिसेंबर

काल क्लबात लिनेट आली होती. पंख्याशेजारी खुर्ची, कुबड्या मांडीवर. माझ्या जागेवर पावडर आधीच टाकलेली, दाट. भोवती सगळे उभे, एकही जण नाचत नव्हता.

"तुझ्यासाठी टाकून ठेवलीय," ती म्हणाली.

बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकले. बोट लावलं, हळूच जिभेवर नेलं. गोड.

पुसा म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मागे फिरले असते तरी तेच. रॉयने कागद चिकटवलेली ती तबकडी लावली. मी नाचले. घाम येईपर्यंत नाचले.

रॉयने गाणं बंद केलं नाही. कोणी धावलंही नाही. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये आहे, हे डाव्याने लिहितेय.