देवाजीच्या गाडीचं मीटर उघडलं त्याची हकीकत

कुरखेडा,
मे महिना सरत आला, ऊन सरलं नाई.

चिरंजीव देवाजीले थोरल्या बहिणीचा जयभीम.

तुले एक मोठी बहीण आहे. ठमाबाई तिचं नाव, कुरखेड्यात राहते, अन लहानपणी तुले कडेवर वागवून वागवून तिची एक बाजू अजून वाकडी आहे. एवढं आधीच सांगून ठेवते, नाईतर पाकीट फोडल्यावर तू भावजयीले विचारशील, ही कोण बाई आहे अन आपल्याले काऊन लिहिते. डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यापासून दूरदूरचं दिसते असं तुह्या पोरानं फोनवर सांगतलं. मंग सिरोंच्याहून कुरखेडाच काऊन दिसत नाई, ते डॉक्टरले विचारजो. भावजयीले माह्याकडून ‘बागुन्नावा’, म्हंजे बरी आहे ना, असं म्हण. मी तेवढंच तेलगू शिकली. ती त्याचं लांबलचक उत्तर देते अन मले त्यातलं काही समजत नाई, म्हणून ती बरी आहे असं धरून चालते. इथी मी ठीक, शेळ्या ठीक, नात रोशनी ठीक (हे पत्र तीच लिहून राह्यली. अक्षर चांगलं दिसलं त तिचं, मजकूर चांगला वाटला त माहा).

आता तुह्या निरोपाकडे येते. तू पुसलं, गाडी कशी आहे, ठेवली तशीच असंल ना, अन डोळा बरा झाला म्हणून पुढच्या रविवारी न्याले येतो. याचं उत्तर फोनवर देता येत नाई. फोनवर कठीण गोष्ट निंघाली की तुले आवाज येत नाई. म्हणून पत्र.

पयले हे आठव की गाडी इथी आली कशी. राजदीपच्या, म्हंजे रोशनीच्या भावाच्या लग्नाले तू ती स्वतः चालवत आणली. वाटेत सागाच्या एका बुंध्याले म्हैस समजून तू हॉर्न वाजवत बसला, अन म्हैस उठत नाई म्हणून तिच्यावर चिडला. हे पाह्यल्यावर लग्न झाल्याबरोबर सगळ्यायनं मिळून तुले बसमध्ये बसवलं. तू म्हटलं, आठ दिवसांत येतो गाडी न्याले. त्या आठ दिवसांत दोन पावसाळे होऊन गेले. मले लिहिता येत नाई, पण पावसाळे मोजता येते.

आता रोशनीचं. ती नर्स झाली हे तुले ठावूक आहे (नसंल त आता झालं). एक तारखेले तिले कोरचीच्या पलीकडं, जंगलातल्या उपकेंद्रात रुजू व्हायचं आहे. तिकडे दिवसातून एक बस. नाल्याले पूर आला की ती बी अर्ध्या रस्त्यातून तोंड फिरवते. अन त्या गावातल्या बाया काही बसचा टाइम पाहून बाळंत होत नाई. म्हणून तुही गाडी धुतली, चाकात हवा भरली अन पोट्टी चालवाले शिकली. चांगली शिकली. मी बाजूलेच बसली होती, दोनदाच डोळे मिटले. पयल्या दिवशी मात्र तिनं नाक आकसलं अन म्हणे, “आजी, गाडीत दारूचा वास काऊन येते?” मी म्हटलं, देवाजीची गाडी आहे, येणारच.

गाडी शहाणी होती, खोटं बोलत होतं ते समोरचं मीटर. मालेवाड्याकडे सोयऱ्याकडे गेलो, परत येताना भर जंगलात गाडी थांबली. काटा म्हणे टाकी काठोकाठ भरली आहे. काडी घालून पाह्यली त कोरडी ठणठणीत. तीन घंटे मोहाच्या झाडाखाली बसलो, मंग एका ट्रॅक्टरवाल्यानं दोरी बांधून ओढत आणलं. मी काच खाली करून बसली होती, रस्त्यानं जो दिसला त्याले जयभीम केला, लोकायले वाटलं वरातच आहे. रोशनी मात्र रस्ताभर स्टेअरिंग आवळून बसली. घरी आल्यावर एवढंच म्हणे, “आजी, आज तू होती म्हणून ठीक. मागच्या सीटवर अडलेली बाई असती त?” अन ताटावरून उठून गेली. तवा मले समजलं, की या काट्याले खरं बोलाले लावल्याशिवाय ती एक तारीख काही खरी नाई.

गावातला गाडीचा मिस्त्री लग्नसराईत दिसत नाई. म्हणून वारलूले बोलावलं. वारलू हातपंप दुरुस्त करते, ट्रॅक्टर उघडते. कारचं मीटर त्यानं आजवर बाहेरूनच पाह्यलं होतं, ते बी दुसऱ्याच्या गाडीत बसून. पण “आजी, उघडलं की समजते,” हे त्याचं शिक्षण, अन माहं त तेवढंही नाई, म्हणून आमचं जमलं. तो पेचकस घेऊन आत शिरला. स्टेअरिंगवर पोट टेकलं की हॉर्न वाजे. हॉर्न वाजला की शेजारपाजारचे धावत येत, अन काही झालं नाई हे पाहून नाराज होऊन तिथीच बसत. असं चारदा झाल्यावर रोशनीनं फोनमध्ये व्हिडिओ पाह्यला. तिथल्या माणसानं सांगतलं, पयले बॅटरीची तार काढा. ती काढली तवा हॉर्न बंद झाला, पण तोवर सगळं अंगण भरलं होतं अन मले सगळ्यायसाठी चहा ठेवा लागला.

मीटर काढणं म्हंजे काय ते तुले सांगते, गाडी तुही असून तुले ठावूक नसंल. वरून एक काळी चौकट असते, तिले वर दोन अन खाली दोन पेच. ती निंघाली की आत मीटरचा डबा, त्याले आणखी चार. वारलू पेच काढे अन शर्टच्या खिशात टाके. मी म्हटलं, बापा, कोणता कुठचा हे मंग खिसा सांगणार आहे का? सूप आणलं, त्यात राखेनं चौकोन काढला अन जो पेच जिथून निंघाला तिथी मांडला. लांबवाले वर, आखूड खाली. तेंदूपत्त्याच्या फडीवर पुडे मांडून माहा जन्म गेला, मले अक्षराची गरज कधी पडली? वारलू हसला. हसू दे म्हटलं.

मंग त्यानं डबा बाहेर ओढला, हात घालून मागची केबल सोडवली, अन मागून आधी एक उंदरी निंघाली. वारलूचं डोक्सं छताले असं आपटलं की हॉर्नपेक्षा मोठा आवाज झाला. उंदरीच्या मागून मोहफुलं निंघाली. चारदोन नाई, टोपलंभर. वाळलेली, मऊ, वासाची. अंगणातले सगळे माह्याकडं पाहू लागले.

आता तुह्यापासून काय लपवू. मी दोन हंगाम तुह्या गाडीत मोह वाळवला. तूच विचार कर, अंगणात टाकला त शेळ्या खाते, छपरावर टाकला त माकडं. अन गाडीत, समोरच्या काचेच्या मागं, ती लांब सपाट जागा. वरून ऊन, चारी बाजूनं बंद, आत भट्टी. चार दिवसाचा मोह दीड दिवसात वाळते. बनवणाऱ्यानं ती जागा कशासाठी ठेवली मले ठावूक नाई, पण मोहासाठीच ठेवली असती त याहून चांगली साधली नसती. शेजारची मंगली बी आपला मोह मागच्या सीटवर टाकून जाये. वारा यायच्या जाळीतून उंदरीनं एकएक फूल आत ओढलं, मीटरच्या मागं संसार मांडला, अन दात शिवशिवले की तार कुरतडली. नेमकी टाकीची खबर सांगणारी तार. म्हंजे काटा बिचारा खोटं बोलत नव्हता, त्याले कोणी काही सांगतच नव्हतं. अन तो दारूचा वास तुहा नव्हता, मोहाचा होता, त्याची मी माफी मागते (अर्धी. मी तुले ओळखून आहे).

आत सीटमधून ओढलेल्या कापसात चार पिल्लं होती, लालभडक, डोळे मिटलेली. वारलू म्हणे फेकून देतो. रोशनीनं त्याचा हात धरला. कापसासगट उचलून टोपल्यात घातली अन कोठ्यात नेऊन ठेवली. घंट्याभरानं उंदरी येऊन एकेकाले तोंडात धरून घेऊन गेली. तवा पोट्टीची पयली बाळंतीण हातावेगळी झाली, अन सगळे सुखरूप आहे, हे मी मोठ्या आवाजात अंगणात सांगतलं.

वारलूनं तार जोडली, काळी पट्टी गुंडाळली, अन आता बसवाचं म्हणून सुपाकडे पाह्यलं त पेच सात. आठवा नाई. सुपाजवळ माही तुरेवाली कोंबडी उभी, तोंड बाजूले करून. वारलू म्हणे, “आजी, मी पाह्यलं. तिनंच गिळला.” अशी साक्ष पडल्यावर काय करतं? कापली. वारलूनं स्वतः तपासलं, पोटात पेच नव्हता. पण कापलेली कोंबडी परत जोडता येत नाई, तिले काळी पट्टी चालत नाई. रस्सा केला. वारलू तीनदा भात घेऊन जेवला, ढेकर दिला, अन तंबाखूचा खर्रा काढाले खिशात हात घातला. पुडीसोबत पेच बाहेर आला. सूप यायच्या आधी जो पयला पेच त्यानं खिशात टाकला होता, तो. त्याले हे ठावूक नव्हतं असं तो म्हणते. रोशनी म्हणते आजी, माणसावर असा संशय घेऊ नये. मी घेत नाई. रस्सा चांगला झाला होता, एवढंच म्हणते.

दुसऱ्या दिवशी टाकीचा काटा खरं बोलाले लागला अन वेगाचा काटा झोपला. गाडी पळून राह्यली अन तो शून्यावर. डबा बसवताना मागची केबल ढकलली की ‘टक’ झालं पायजे, असं फोनमधल्या माणसानं सांगतलं होतं. मले टक ऐकू आलं नव्हतं. तसं मी तवाच म्हटलं होतं, त वारलू म्हणे, “आजी, आता तुमचे कान थोडे...” पुन्हा चौकट, पुन्हा आठ पेच, पुन्हा सूप (या वेळी वर टोपलं झाकून). टक झालं. मंगलीनं तिच्या अंगणातून ऐकलं. आता दोन्ही काटे चालते. रोशनी रोज सकाळी काडी घालून टाकी पाहते, मंग काटा पाहते, अन दोघांचं एकमत झालं की हसते. म्हंजे तुह्या प्रश्नाचं उत्तर, गाडी तू ठेवली तशी नाई. त्याहून चांगली आहे.

बाकी सगळं ठीक. डोळ्याले धूर लागू देऊ नको. खाली माहा अंगठा आहे, तो ओळखीचा असंल.

ता. क. पाकिटात आणखी दोन कागदं आहे. राजदीपनं गडचिरोलीहून आणले. गाडी रोशनीच्या नावावर कराची आहे. पेन्सिलीनं फुली केली तिथी सही करजो. मले लिहिता आलं असतं त तुही सही मीच करून टाकली असती, तुह्या डोळ्याले तरास दिला नसता. (आबा, या कागदांचं मला आत्ता हे वाक्य लिहिताना समजलं. मला वाटलं पत्र माफीचं आहे. तुमची इच्छा नसेल तर मी बसने जाईन. — रोशनी) पोट्टीनं मधात काही लिहिलं असंल त ते वाचू नको.

दुसरा ता. क. तू म्हणशील, ठमाबाई, दुसऱ्याची वस्तू अशी मागते का कोणी? तुले आठवत नसंल, तुहं वय तवा एका घटकेचं होतं, म्हणून या विसरण्याची माफी आहे. मायले घेऊन बैलबंडी दवाखान्याकडे निंघाली होती. मी मागून पायी चालत होती, सहा वर्षांची. नाल्याले पाणी होतं. बंडी अलीकडेच थांबली अन तू तिथीच झाला, बंडीतल्या धानाच्या तणसावर. तुही नाळ बंडीवाल्याच्या विळ्यानं कापली. माय वाचली, तू वाचला, ते नशीब. त्या नाल्याच्या पलीकडे जी गावं आहे ना, तीच रोशनीले भेटली आहे.

तिसरा ता. क. रविवारी येच. बसनं ये, जेवून बसनंच जा. येताना गोदावरीच्या झिंग्याची सुकट आणजो, मागच्या वेळेसारखी अर्धी रेती नको, भावजयीच्या हातानं निवडलेली. येणं जमत नसंल त बसवाल्याच्या हाती पाठव. सही केलेले कागदं प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेव अन वर सुकट दाब, वासानं कोणी डबा उघडणार नाई. डबे दोन पाठवजो. मोठा रोशनीचा, तिकडे तिले भाजी भेटणार नाई. लहान माहा, पण तो ठासून भरजो.