काचेतला फोटो कुणी उतरवायचा

अप्पा, आपल्या फोटोच्या दुकानाच्या दर्शनी काचेत मी एक फोटो लावला आहे आणि तो उतरवावा म्हणून माझ्यावर दडपण येत आहे. तुम्ही असता तर मला यापुढे काही सांगावे लागले नसते. तुम्ही फक्त "कोण म्हणतो?" एवढे विचारले असते आणि उत्तर ऐकून पुन्हा कामाला लागला असता. मी सहावीत असताना तुम्ही गेलात. दुकान आईने टिकवले आणि कॉलेज संपल्यावर कॅमेरा मी हाती घेतला. वर्गात पहिली येणारी, पण हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नसे ती तुमची मुलगी आज इतकी संतापली आहे, की तो संताप ऐकवायला तिला तुमच्याखेरीज कुणी सापडत नाही.

वसमतमध्ये गाण्याचा कार्यक्रम झाला की लोक आपल्या काचेपुढे थांबत. "काचेत लागला का?" हा प्रश्न गावात कौतुकाचा होता. त्यामागची तुमची रीत मात्र थोड्यांनाच ठाऊक होती. पहिली प्रत कलावंताची. ती तुम्ही स्वतः त्याच्या मुक्कामी नेऊन देत असा, आणि त्याने मान डोलावली तरच दुसरी प्रत काचेत लागे. मला आपले स्वयंपाकघर दिसते. तिथली ट्यूबलाइट चांगली, म्हणून तुम्ही ओट्यावरच फोटोंच्या कडा कापत बसला आहात आणि आई पोळपाट हातात घेऊन उभी आहे. "आता पोळ्या कुठं लाटू? तुमच्या गवयाच्या डोक्यावर?" त्या गवयाचे तोंड तान घेताना एवढे उघडले आहे की मला हसू आवरत नाही. तुम्ही कात्री खाली ठेवता. "हसू नको. गाताना माणूस उघडा पडलेला असतो. आपण त्याला तसं पाहिलं, तर त्याची लाज आपण राखायची." तुम्ही मला रागावलात असे ते एकदाच, आणि तेही हळू आवाजात.

म्हणूनच उरुसाला आलेल्या कव्वालाने, आधी मान डोलावली असूनही, काचेपुढे उभे राहून "भाई, इस में खाँस रहा हूँ मैं, ये मत लगाओ," असे म्हटल्यावर तुम्ही लगेच फोटो उतरवलात. आणि त्याच काचेपुढे गणेश मंडळाचे अध्यक्ष तावातावाने आले, "गाणारीचा फोटो लावला अन् अध्यक्षाचा न्हाई? काढा तो!" म्हणाले, तेव्हा तुम्ही चष्मा पुसत सांगितलेत, "अध्यक्ष गायले न्हाईत." चहाच्या गाड्यावरची माणसे ते वाक्य कित्येक दिवस एकमेकांना ऐकवत होती. मला त्यात तेव्हा फक्त गंमत दिसली. फोटोत जो आहे त्याचा शब्द मानायचा आणि जो केवळ मांडवाचा मालक आहे त्याचा मानायचा नाही, हा त्यातला न्याय मला आत्ता कळतो आहे.

यंदा हळद शिजवण्याच्या दिवसांत बाजाराच्या मैदानावर शहरातल्या एका मोठ्या गायिकेचा कार्यक्रम झाला. प्रवेशद्वारापाशी कॅमेरेवाल्यांना एक इंग्रजी कागद दिला गेला. पहिल्या तीन गाण्यांपुरतेच फोटो काढायचे, परवानगीशिवाय ते कुठेही दाखवायचे नाहीत आणि सगळे हक्क त्यांचे. मी तो वाचत उभी राहिले तर संयोजक म्हणाले, "ताई, काय परीक्षा हाय का? सही करा अन् आत व्हा." मोबदला विचाराल, तर गळ्यात अडकवायचे एक ओळखपत्र. मी सही केली, हे मी नाकारत नाही. परंतु तीन गाण्यांनंतर मला बाहेर काढले गेले तेव्हा मैदानभर हात वर होते, प्रत्येक हातात फोन होता, आणि गाणे संपण्याआधीच ते गावोगाव पोहोचत होते. त्या हजारो हातांना कुणी कागद दिला नाही. जिने हे काम म्हणून पत्करले, जिला कुठे थांबायचे हे वडिलांनी शिकवले होते, तिच्याकडून मात्र त्यावर सही घेतली.

ऐनवेळी त्यांचा ढोलकीवाला आजारी पडला होता. धावाधाव करून जवळच्या कुरुंदा गावच्या भजनी मंडळातल्या एका मावशींना बसवले. दिवसभर हळदीच्या कामात असलेल्या मावशी लुगडे बदलून आल्या, पण तळहात पिवळे ते पिवळेच. दुसऱ्या गाण्यात एक अवघड जागा त्यांनी अशी काही घेतली की गायिकेने गाता गाता वळून पाहिले आणि ती मनापासून हसली. मावशीही हसल्या. ढोलकीच्या चामडी पानावर ते पिवळे हात टेकलेले होते. तुम्ही शिकवलेत तशी मी श्वास रोखून थांबले होते. तिसरे गाणे झाल्यावर, पाणी पिताना, गायिकेने वाकून माझ्या कॅमेऱ्यात तो फोटो पाहिला. "अगं, किती छान! हा लाव हं कुठेतरी, आणि मलाही पाठव." मी तुमच्या रीतीने पहिली प्रत तिलाच पाठवली, तिच्या कार्यालयाच्या पत्त्यावर. मग दुकानाच्या समाजमाध्यमावरच्या पानावर फोटो टाकला. कुरुंद्यातल्या घराघरांत तो पोहोचला.

दुसऱ्याच दिवशी संयोजकांचा फोन आला. "ताई, काहून उगं तकलीफ वाढवून राहिल्या? त्यांचे मॅनेजर लई भडकले. एवढा नामी ढोलकीवाला जाहिरातीत छापला, अन् लोकायला दिसायला लागली भजनातली बाई. उडवून टाका तो." गायिका "लाव" म्हणाल्याचे मी सांगितले. "त्या म्हणत्यातच हो. कागद बघा." मी उडवला नाही, त्यांच्या तक्रारीवरून तो पानावरून परस्पर काढला गेला. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित मी गिळून टाकले असते. पण आठवड्यानंतर हिंगोलीला जाताना रस्त्यावर त्यांच्या पुढच्या कार्यक्रमाचा फलक दिसला, आणि त्यावर माझाच फोटो होता, अप्पा. डावीकडच्या मावशी कापल्या होत्या, खालच्या कोपऱ्यातले नाव कापले होते. घाईने कापणाऱ्याला दिसली नसतील, अशी दोन पिवळी बोटे मात्र कडेला राहिली होती. गायिका अतीव मायेने हसत होती, आणि ज्या दिशेला हसत होती तिथे कुणीच नव्हते. दाखवायला मनाई असलेला फोटो कापला की दाखवण्याजोगा होतो, हा कोणता हक्क? माणसाला पुसून टाकण्याचा हक्क त्या इंग्रजी कागदात कुठे लिहिला होता? मी तो चार वेळा वाचला आहे. नाही लिहिलेला.

परवा मावशी दुकानात आल्या. उंबऱ्यातच थांबल्या. "पोरी, फोनमदला माजा फोटू गेला म्हनं. कोन काढला?" मी सांगितले. त्या काचेपाशी आल्या. "मला कुनी इचारलंच न्हाई. वाजवाय बलावलं तवा बराबर घर सापडलं व्हय त्यायला?" मग पदराने काच पुसत म्हणाल्या, "तुजा बाप हितं लावत व्हता फोटू. आमच्या भजनाचा कदी लागला न्हाई." मी त्यांच्यादेखत मोठी प्रत छापली आणि मधोमध लावली. त्यांनी मान डोलावली.

आज सकाळी संयोजक दारात उभे होते. "आता काचेतून बी काढा, नाहीतर नोटीस येईल." अध्यक्षांना दिलेले तुमचे उत्तर जिभेवर आले, पण ते म्हणायला तुमचा चष्मा आणि तुमचा निवांतपणा हवा. मी एवढेच म्हणाले, "मावशी किंवा त्या गाणाऱ्या बाई स्वतः येऊन म्हणाल्या, तर काढते." "येक फोटूच हाय ना ताई!" "हो," मी म्हणाले, "मग राहू द्या." ते गेले. नोटीस येईलही. आली तर मी तीही शेवटपर्यंत वाचीन.

प्रत काचेत थोडी घसरते आहे. या पत्राचा कागद दुमडून मी तिच्यामागे आधाराला लावणार आहे, दुसरीकडे कुठे जायचा नाही तो. तुम्हाला मात्र एक सांगायला हवे. आईला, मावशींना, संयोजकांना मी सांगत सुटले आहे की त्यांनी माझे नाव कापले. त्या कोपऱ्यात माझे नाव नव्हतेच. तुमचे होते. आजवरच्या माझ्या प्रत्येक फोटोवर मी तुमचाच शिक्का मारत आले, कारण त्याच्या आड उभे राहणे मला सोयीचे होते. आज या प्रतीमागे मी पहिल्यांदा माझे नाव लिहिले. पेन्सिलीने लिहिले आहे, अप्पा. शाईचे अजून धाडस झालेले नाही.