सहा सेंटिमीटर

४ मार्च
रुग्णालयात पोहोचलो. इशीमहून दोन दिवसांचा प्रवास, पण मन खूश आहे. पलंग खिडकीजवळचा. लहानपणी हाडात पू झाला, तेव्हापासून माझा डावा हात सहा सेंटिमीटर आखूड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दंडाचं हाड कापून त्याभोवती पोलादी कड्या बसवू आणि रोज एक मिलिमीटर ताणू. दोन्ही हात सारखे झाले की आमच्या सामूहिक शेतीचे अध्यक्ष मला तिथलं कापणीयंत्र चालवायला देणार आहेत. शेजारचे सावेली कुझ्मिच पाय वाढवायला आलेत. म्हणाले, ये बाबा, इथे माणसांच्या शेवया करतात.

१७ मार्च
आजपासून ताणणं सुरू. कड्यांवरचा नट पान्याने पाव फेरा फिरवायचा, दिवसातून चार वेळा, ज्याचा त्याने. मी प्रत्येक खेप वहीत लिहितो. सावेली कुझ्मिचनी विचारलं, येफिम, हाड वाढवतोयस की वही?

९ एप्रिल
दोन सेंटिमीटर तीन मिलिमीटर. ठणका थांबत नाही. सूप पितापिताच डोळा लागतो. बोटांना मुंग्या येतात, पण सांगितलं नाही. सांगितलं तर इथेच थांबवतील.

२० एप्रिल
मनगट लोंबतं. बोटांत चमचा राहत नाही. डॉक्टरीणबाई कडाडल्या, गाढवा, तुला हात हवाय की लांबी? शीर ताणली गेली आहे. नट पक्के आवळले, पाना स्वतःकडे ठेवला. तीन सेंटिमीटर चार मिलिमीटरवर संपलं.

२६ एप्रिल
मापलं. साडेचार. पुन्हा मापलं. नर्स नोन्ना फेदोतोव्ना म्हणाल्या, फीत सैल धरली असशील, झोप जरा. नट ढिले आहेत. नटांचं तेल डाव्या हाताच्या बोटांना लागलं आहे. ती बोटं तर मेलेली आहेत.

३ मे
सहा. अगदी बरोबर सहा. सावेली कुझ्मिचनी टाळ्या वाजवल्या. मी रडलो. डॉक्टरीणबाई मे महिन्यातल्या सणांच्या रजेवर गेल्यात. आता थांब, एवढंच मी हाताला म्हणालो.

७ मे
सात. भर दुपारी पाहिलं. डावा हात आपणहून कोपरात वाकला. बोटं दंडावर चढली. पान्याशिवाय, नखांनी नट फिरवू लागली — मी उजव्याने धरून ठेवला. उजवा दमला. तो दमत नाही.

११ मे
उजव्या दंडावर हिरव्या औषधाचे ठिपके. कड्या धरणाऱ्या तारा हाडातून कुठून घालायच्या, त्या खुणा शस्त्रक्रियेआधी डॉक्टर करतात. ह्या त्यांनी केलेल्या नाहीत. बदली डॉक्टरांनी मापलं, मान डोलावली, उजवा दोन सेंटिमीटर आखूड, उद्या शस्त्रक्रियेला घेऊ म्हणाले. संमतीवर सही आहे. माझंच नाव, तिरकं. मी डाव्या हाताने कधी लिहिलेलं नाही —

१२ मे
सुई टोचली. ओरडलो, तर नोन्ना फेदोतोव्नांनी गाल थोपटला. वेड्या, हात सारखे व्हावेत म्हणूनच आलास ना?
ढकलगाडी दारात आहे. अक्षर सरकतं — डावा हात उजव्याला कुरवाळतो आहे, आईसारखा — त्याचे नट अजून फिरतात — उजवा कितीही वाढवला तरी हा पुढेच, म्हणजे पुन्हा उजवा, पुन्हा —
कुणीतरी त्यांना सांगा, की आधी ह्याला