सकाळी फुटते, दुपारी वाचते

५ फेब्रु.
परत तेच. तीच पावडर, तेवढंच वजन, तेच नऊ मिमीचं भोक. सकाळी चकती फुटली, दुपारी शाबूत. डोकं उठलंय.

चाचणीची पक्की रीत लिहायला पाच महिने या शेडमध्ये बसलेय. आमच्या मालकांची ही पावडर तापली की वायू सोडते; किती जोरात, ते पाहायला ती जाड पोलादी भांड्यात तापवायची. बाजूला ठरावीक भोक, वर पितळेची पातळ चकती. भोकातून वायू वेळेत निसटला तर चकती वाचते. नऊच्या भोकालाही फुटली तर माल ‘तीव्र’. त्याहून लहानालाच फुटली तर ‘मध्यम’. कोणीही, कुठेही केलं तरी उत्तर एकच यायला हवं. माझी एका दिवसात दोन येतात. आणि याच पावडरीवर गेल्या महिन्यात ‘मध्यम’ लिहून सही ठोकलीय. तिचे ड्रम मागच्या गोदामात रचलेत.

६ फेब्रु.
चकत्यांवर संशय. त्या कापतात कुंडलिकमामा, आमचे फिटर. विचारलं तर फणकारले, “चाळीस वर्सं पत्रा कापतोय मॅडम. माझ्या हातात खोट काढू नगा.” सगळ्या मोजल्या. खोट नाही. माफी मागितली, चहा पाजला. गाल फुगलेलेच.

९ फेब्रु.
भांडं तापवण्याआधी आम्ही शिट्टी वाजवतो. शेजारी शेळ्या राखणाऱ्या गंगारामदादांनी त्या घेऊन लांब जायचं, असं ठरलंय. त्यांचा शेळ्यांचा वाडा गोदामाच्या भिंतीलाच. आज शिट्टी वाजली तरी गडी आडवाच! तावातावाने मीच गेले.

“मोटारी चालू हायेत न्हवं? तवा तुमचं फुटतच न्हाई. मंग कावून उठू?”

झापलं चांगलं. उठवून लांब पाठवलं. परत येऊन चाचणी केली. खरंच फुटली नाही.

१० फेब्रु.
मीटर लावून बसले. शेड मालकांच्या रानात, वीज शेतीच्या लाईनवरची. पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, कॉइल रेंगाळत तापते, वायू आरामात भोकातून निघून जातो. मोटारी बंद, की धाड.

सहीच्या चाचण्या कधी केल्या, वही पाहिली. सगळ्या मोटारींना दिवसा वीज मिळते त्या आठवड्यातल्या, मोटारी चालू असतानाच्या. गॅसची ज्योत वाऱ्याने हलते म्हणून विजेची कॉइल बसवली कोणी? मीच. हुशार ना!

१२ फेब्रु.
जनरेटरवर, तापण्याचा वेग घड्याळ लावून धरला. नऊचं भोक. पाच वेळा. पाचही फुटल्या.

तीव्र.

मामा म्हणाले, “आता तरी माझ्या चकत्या बऱ्या म्हना.” मला हसू यायच्या ऐवजी रडूच आलं. महिनाभर ते ड्रम दुहेरी थर लावून ठेवलेत, माझ्या शब्दावर.

१३ फेब्रु.
मालकांना सांगितलं. “रिपोर्ट गेला, गिऱ्हाईक ठरलं. आता कावून उकरताय ताई? माल जाऊ द्या, मंग बदला.”

म्हटलं, सही माझी आहे.

“आन् तीव्र म्हनल्यावर नेनार कोन? तसला माल नेनारी गाडी हाय का आपल्या तालुक्यात?”

नाही. हेही खरं. राग मात्र आला.

१८ फेब्रु.
साधा ट्रक आला. अर्धे ड्रम चढले. ड्रायव्हर सहज म्हणाला, “मॅडम, तेलगावला जेवायला थांबलो तर चालंल ना? उन्हात उभा ऱ्हाईल जरा.”

त्याच्या हातातला मालाचा कागद घेतला. ‘मध्यम’ खोडलं, ‘तीव्र’ लिहिलं, खाली सही. म्हणजे काय तेही सांगितलं. तो वाचत राहिला. “मला दोन पोरी हायेत,” म्हणाला. माल उतरवून मगच गेला.

मालक फोनवर: “आता ठेवा तुमच्याच उशाशी.”

२० फेब्रु.
रीत पूर्ण. तापण्याच्या वेगाची अट पहिल्याच ओळीत घातली. पाठवली. तसल्या गाडीसाठी तीन ठिकाणी फोन केले. ‘बघतो’ म्हणतात.

ड्रम खाली एकेरी मांडून घेतले. गंगारामदादांना वाडा हलवा म्हटलं.

“मध्यम व्हतं तवा मी हितंच निजत व्हतो. आता कागदावर शब्द बदलला म्हनून उठू व्हय?”

उठा, म्हटलं. चूक माझी होती, म्हटलं. ते शेळीच्या पायातला काटा काढत राहिले.

पावडर चाळीस अंशांच्या खाली ठेवा, असं मीच लिहिलंय. गोदामावर पत्रे. आज दुपारी आत अडतीस होतं. अजून फेब्रुवारीच चालू आहे.