काठापासून काठापर्यंत

३ मार्च, मंगळवार

वही मिळाली. व्यायाम घेणाऱ्या मुलीने दिली. "काकू, रोज चार ओळी लिहायच्या. कोणी वाचणार नाही." मी म्हटलं, उजवा हात धडधाकट आहे, त्याला कसला व्यायाम? म्हणे, "हातासाठी नाही, नजरेसाठी."

नजरेसाठी! एकतीस वर्षं मिलमध्ये कापड तपासलं मी. दिव्याच्या मेजावरून थान सरकत जायचं आणि मी काठापासून काठापर्यंत नजर फिरवायची. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की खडूची खूण. माझ्या हाताखालून गेलेलं थान एकदाही परत आलं नाही. आणि ही कालची पोर मला नजर शिकवणार!

वही मात्र भलतीच अरुंद. ओळीत चार शब्द मावले तर नशीब. इतकी काटकसर करायची तर द्यायची कशाला?

५ मार्च, गुरुवार

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. म्हणजे आता काहीतरी वाईट सांगणार. सांगितलं — मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून डावा हात आणि डावा पाय लुळे. एवढं मला माहीत होतं. पुढचं नवीन. म्हणे डावीकडचं जगच माझ्या लक्षात येत नाही. डोळे ठीक, कान ठीक, पण मेंदू तिकडची दखल घेत नाही. तिकडून कोणी बोललं तरी पुष्कळदा कळत नाही, नाहीतर उजवीकडून बोलल्यासारखं वाटतं.

"मग मला ते जाणवत का नाही?"

"तोच तर आजार आहे, काकू. काही राहून गेलंय हेच कळत नाही."

वा रे आजार! मी मान डोलावली. मला पटलेलं नाही. मला सगळं दिसतंय. समोर भिंत, मग खिडकी, मग उजवीकडच्या खाटेवर रेडिओवाल्या आजी. रेडिओ दिवसभर उशाशी गुणगुणतो. त्यांची वाचा गेली आहे, एकच शब्द उरलाय — "बरं." रडताना बरं, हसताना बरं, सुई टोचली तरी बरं. या पुनर्वसन केंद्रात सगळे काही ना काही मोडून आलेत. कोणाचं खुब्याचं हाड, कोणाचा गुडघा, कोणाचा शब्द.

एक मात्र खरं. या खोलीचं दार कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. सिस्टर भुतासारखी उगवते!

८ मार्च, रविवार

आज भेटीला येणाऱ्यांची झुंबड. व्हरांड्यात कोणाच्या सुना, कोणाची नातवंडं. आजींकडे दोन भाच्या आल्या, त्यांनी आजींची नखं कापली.

हे आले नाहीत. मला इथे आणून बारा दिवस झाले. एकदाही नाही.

कधीतरी लिहायचंच होतं, आज लिहिते. त्या दिवशी मी ओट्याशी उभी होते, आणि मग जमिनीवर होते. मधलं काही आठवत नाही. फरशी गार होती. नळ चालू राहिला होता. हाक मारली, "अहो!" हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पानं उलटल्याचं मला ऐकू येत होतं. "अहो! अहो!" पान उलटलं. दोन तास! चहा आला नाही म्हणून उठले, तेव्हा कुठे मी दिसले.

माहीत आहे मला. मिलमध्ये मागाचे फिटर. आयुष्यभर त्या खडखडाटात उभे राहून कान गेलेत. पण कानातलं मशीन आमच्या मुलीने आणून दिलं होतं ना? ते खणात. "कुईकुई करतं" म्हणे. मुळात अबोल, त्यात बहिरे. संसार केला की भिंतीशी बोलले?

आणि आता येतही नाहीत. लाज वाटत असेल, किंवा सुटल्यासारखं वाटत असेल. मला फार एकटं वाटतं. हे लिहायलाही लाज वाटते.

११ मार्च, बुधवार

आले नाहीत.

१४ मार्च, शनिवार

जेवणावरून भांडण. रोज निम्मं ताट वाढतात! भात असतो, बटाटे नसतात. आज सुनावलंच सिस्टरला. तिने ताट उचललं, अर्धं फिरवलं आणि परत ठेवलं. बटाटे! वर पावाचा तुकडा आणि गाजरंही.

हातचलाखी असणार, मला गप्प करायला. बटाटे गार होते पण, अगदी गार. आधीपासून वाढलेले असावेत तसे.

खाल्ले.

१७ मार्च, मंगळवार

मुलीचा फोन. परदेशातून, म्हणून सुरुवातीला दोघींचंही रडणं. मग मी विचारलं, "तुझे बाबा जिवंत आहेत ना?"

"आई! बाबा रोज येतात तुझ्याकडे. चार ते सहा."

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"या खोलीत चार ते सहा मी असते, बाई. मला कोणी दिसलेलं नाही."

ती हळूच म्हणाली, "आई, डावीकडे बघतेस का तू?" घ्या! सगळ्यांना मिळून डावीकडचं खूळ लागलंय. सिस्टरही परवा म्हणाली, "काका आलेत, काकू." मी इकडे तिकडे पाहिलं. कोणी नाही. म्हातारीची समजूत घालायची ही एक रीत दिसते. पण मुलीनेही त्यांच्यात सामील व्हावं? आणि मुलीशी खोटं बोलायला यांना तोंड आहे, माझ्याकडे यायला पाय नाहीत.

आणि माझं पेन कोण वापरतं? सकाळी टोपण लावून वहीत ठेवते, संध्याकाळी टोपण उघडं.

२१ मार्च, शनिवार

आज मी वाईट वागले.

साडेचारचा सुमार. आजींकडे कोणीतरी आलेलं असावं, पुरुषी खोकला ऐकू आला. ऐकेना का कोणी, असं वाटलं आणि आजींना मोठ्याने म्हटलं, "असा नवरा असून नसून सारखा. मी जमिनीवर पडले होते तेव्हा ऐकलं नाही. आता मी मेले तरी ऐकणार नाहीत. त्यापेक्षा नसतेच तर बरं!"

आजी रडायला लागल्या. "बरं, बरं, बरं" करत माझ्या पलीकडे कुठेतरी बोट दाखवत राहिल्या. कशाकडे कोण जाणे. खोकला थांबला.

म्हटल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२४ मार्च, मंगळवार

व्यायामाच्या मुलीने आज आरसा दाखवला. "काकू, केस कसे झालेत?" मी म्हटलं, चांगले विंचरलेत. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२८ मार्च, शनिवार

समाजसेविका बाई आल्या. गोड बोलतात, हातात नेहमी फॉर्म. इथली मुदत संपली. आता दोनच वाटा. एक तर घरी जायचं, माणसाच्या आधाराने. नाहीतर वरच्या मजल्यावर, कायमचं. तिथे खाटेला घंटा असते. दाबली की कोणीतरी येतं.

"घरी कोण आहे तुमच्या?"

"कोणी नाही."

"काका?"

"हाक मारली तर ऐकू येत नाही त्यांना. येतही नाहीत. मी वर जाते."

बाईंनी माझ्या पलीकडे पाहिलं, मग फॉर्मकडे. "घाई नाही हो, काकू. नीट विचार करा." मी पेन मागितलं. सही केली. एक एप्रिलला, बुधवारी, वर नेणार.

चाळीस वर्षांचं घर. गॅलरीतली खुर्ची, ओट्याखालचे माझे डबे, यांनी बसवलेली कपडे वाळवायची कप्पी. सगळ्यावर एका सहीत पाणी सोडलं. पण घंटा असलेली खाट बरी. कोणीतरी येतं तरी.

सिस्टर संध्याकाळी डावा हात पुसताना म्हणाली, "हात छान गरम आहे आज." असेल. मला त्या हाताचं काही कळत नाही.

३० मार्च, सोमवार

व्यायामाच्या खोलीत दिवसभर धुणं-पुसणं चालू, म्हणून मला संध्याकाळी सहानंतर नेलं. व्यायामाच्या मुलीने मोठ्या टेबलावर कापड पसरलेलं. कोरं, पांढरं, मांजरपाट. कपड्यांच्या कोठीतून मागून आणलं म्हणे. "काकू, मला यातलं काही कळत नाही. तपासून द्या."

काय सांगू! महिन्याभरात पहिल्यांदा कोणीतरी माझं काम मागितलं. हात फिरवला. वीण बरी, सूत जाडसर. एक गाठ सापडली, दाखवली. उजवा काठ सरळ. म्हटलं, झालं, चांगलं आहे.

"आणि दुसरा काठ?"

दुसरा काठ नव्हता. कापड जिथे संपत होतं तिथे काही नव्हतं, काठही नव्हता. मी थबकले. डॉक्टर काहीही म्हणोत, मुलगी काहीही म्हणो, पण एका काठाचं कापड जगातल्या कुठल्याही मागावर विणलेलं नाही! आडवा धागा एका काठाकडून निघतो तो दुसऱ्या काठाला पोचल्याशिवाय थांबत नाही. हे मला कोणी शिकवायला नको.

मग मी एक धागा धरला. बोट त्यावर ठेवलं आणि सरकवत गेले. कापड संपलं तिथे आले. धागा संपला नव्हता! बोट पुढे गेलं, मान मागून गेली. मानेला रग लागली, डोळ्यांतून पाणी आलं. "जा, काकू, जा." आणखी कापड. आणखी. एक तेलाचा डाग, चांगला बोराएवढा, आणि तो माझ्या नजरेतून सुटला होता! मग काठ. काठाला लाल फीत टाचलेली. फितीवर एक हात. हाताला लागून आख्खी मुलगी उभी. ती रडत होती.

खोलीत आणल्यावर पुन्हा मान वळवून पाहिली, पण ताकदच उरली नव्हती. थोडं दिसलं आणि निसटलं.

म्हणजे डॉक्टर खरं बोलत होते. बटाटे ताटातच होते. मग आणखी काय काय होतं? भीती वाटते आहे. उद्या ही वही तपासणार. एवढी अरुंद वही कोणी बनवतं का?

३१ मार्च, मंगळवार, दुपारी

रेघेवर बोट ठेवलं आणि सरकवत गेले.

वही अरुंद नाही. मी अर्ध्याच पानावर लिहीत होते. उरलेल्या अर्ध्यात, प्रत्येक पानावर, यांचं अक्षर आहे. फिटरचं, ठोकून बसवल्यासारखं.

३ मार्च — "आलो आहे. डावीकडे बसलो आहे. उजवीकडून येऊ नका म्हणाली व्यायामाची मुलगी, तू स्वतः वळायला हवीस. वही वाचतो, रागावू नकोस. तुझ्याशी बोलायला दुसरी जागा सापडली नाही."

८ मार्च — "हाक ऐकली नाही. मशीन खणात होतं. आता झोपतानाही काढत नाही."

११ मार्च — "आलो होतो."

२१ मार्च — "ऐकलं."

२८ मार्च — "सही केलीस तेव्हा तुझा डावा हात माझ्या हातात होता. वर गेलीस तर वर येईन. चार वाजता."

समाजसेविका बाईंना फॉर्म परत आणायला सांगितलंय. चाराला दहा मिनिटं कमी. मी आत्तापासूनच मान वळवून बसले आहे. दार डावीकडे आहे. दाराजवळ खुर्ची आहे, खुर्चीवर आमच्या घरची उशी. मान दुखते आहे. दुखू दे.