सात फाऊल

मु. खैरीटोला, पो. कोंढा, जि. भंडारा
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. घनश्याम यास दादाचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. थंडीने तुझ्या वहिनीचा गुडघा धरला आहे, बाकी धान घरात आलं. तुमसरला सगळे बरे असतील. फोनवर तू मधातच बोलतोस, म्हणून लिहून राहिलो.

आधी हे वाच. सागाचे दोन खांब, जमिनीवर बरोबर एकशेवीस सेंटीमीटर, रंधा मारून काचपेपरने घासलेले. मैदानाचा मुरूम, तीन ट्रॉल्या, चाळून. चुन्याच्या रेषा मारायला तेलाच्या डब्याची गाडी, तिला जुन्या सायकलीचं चाक. आठ चौकोनांसाठी लाकडी साचा. गुणफलक. आणि बांबूची एक काडी, दोन हात लांब, टोकाला कापड गुंडाळलेली. हे सगळं मी माझ्या हाताने केलं. खो-खो मला कुणी शिकवला नाही. नियमांचं पुस्तक नागपूरहून मागवलं आणि पाठ केलं.

हे सांगायचं कारण, तुझ्या निरोपात मिलवाल्या पुंडलिकरावांचा शब्द आहे, "आम्ही संघ उभा करू." संघ उभाच आहे. चौदा पोरी. दहा शेतकऱ्यांच्या, चार तलावाकाठच्या टोलीतल्या, मासे धरणाऱ्यांच्या.

मी संशयी आहे असं तू म्हणतोस. आहेच. ज्या मिलवाल्याने गावच्या शाळेला आजवर खडूचा डबा दिला नाही, त्याला एकदम पोरींचे अनवाणी पाय कसे दिसले? तेही तलावाच्या पाण्यावरून शेतकरी आणि टोली भांडत असताना, निवडणूक तोंडावर असताना? आणि "टोलीतल्या चौघी राखीव म्हणून बाहेर बसवा, संघ जिंकेल" हे वाक्य त्याचं की तुझं, तेही मला कळलेलं नाही. त्याच्या मिलला तू धान घालतोस.

आता तालुक्याच्या सामन्याचं. आपण हरलो हे तू ऐकलंस, कसे हरलो ते नाही. खो देताना बसलेलीच्या पाठीला हात लावायचा आणि त्याच क्षणी "खो" म्हणायचं. हात नाही लागला तर फाऊल. आपली रीना, माझी मुलगी म्हणून नाही म्हणत, संघात सगळ्यांत वेगाची. त्या दिवशी तिचे सात फाऊल झाले. वहीत लिहिले आहेत, मिनिटासकट.

मला पंचावर संशय आला. भूपेंद्र नावाचा पोरगेला पंच. त्याच्या अंगावर गेलो. तो म्हणाला, "काका, तुमचीच वही पाहा. सातही फाऊल तिसऱ्या नाहीतर सहाव्या चौकोनावर. तिथं कोण बसते?"

तिसऱ्यावर दीपमाला, सहाव्यावर तिची चुलतबहीण. दोघी टोलीतल्या.

मग तुझ्यावर संशय आला. दिवाळीत तू रीनाला काही बोलला असशील. मग तुझ्या वहिनीवर. ती म्हणाली, "मले काय इचारता? पोरीले इचारा. भेव वाटते का तिचं?"

रीना तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, शेजारच्या कुंताबाईच्या पोरीची पाठ वाकली का तुमी हातानं सरळ करता. दीपमालाची काडीनं. मी तुमचंच पाहून शिकली."

मी म्हटलं, परक्या पोरीला हात कसा लावायचा?

"कुंताबाईची पोरगी कोणत्या नात्यात हाये आपल्या?"

घनश्याम, मी दोन दिवस मैदानावर गेलो नाही. मला ताप आल्याचं तुला कळवलं होतं. ताप नव्हता.

तिसऱ्या दिवशी गेलो. काडी घरी ठेवली. दीपमालाला म्हटलं, आज सगळ्यांना खो तू द्यायचा, पहिला रीनाला. ती माझ्याकडे पाहत राहिली. यात काही डाव आहे असंच तिला वाटलं असणार. मग धावत आली आणि रीनाच्या पाठीवर असा फटका दिला, की कबुतरं उडाली.

"खोऽ! असा देतेत खो, राणी! तोंडानं तर आमची बकरीही देते!"

सगळ्या पोरी हसून लोळल्या. रीना पाठ चोळत उठली. "थांब, आता तुही पाठ हाये!" त्या संध्याकाळी रीनाने दीपमालाला एकोणीस खो दिले. फाऊल एकही नाही. मी मोजले.

सगळं गोड झालं असं समजू नको. दोन पोरी यायच्या बंद झाल्या, त्यात कुंताबाईची एक. कुंताबाई रस्त्यात म्हणाली, "भाऊजी, खेळ खेळापुरता ठेवा." आता बारा उरल्या.

परवा दीपमालाचा बाप देवानंद आला, सायकलला जाळं बांधलेलं. रेषेबाहेर उभा राहिला. मला वाटलं, हाही पोरगी काढायला आला. तो म्हणाला, "काडी कुठं हाये, मास्तर?"

"तुले माहीत होतं?"

"दोन वर्सांपासून."

"मंग पोरगी काहून पाठवत होता?"

"पोरगी म्हणे, काडी दोन घडी लागते बाबा, धावाले सारी संध्याकाळ भेटते." मग म्हणाला, "मीही पाहूनच राहिलो होतो, तुमी कवा थकता ते."

संशय घ्यायचा हक्क एकट्या माझा, असं मी धरून चाललो होतो. माझ्यावर कुणी दोन वर्षं नजर ठेवून आहे हे मला कधी सुचलंच नाही. मी चुन्याची गाडी उचलली आणि पुसट न झालेल्या रेषा पुन्हा मारल्या. तो जाईपर्यंत मारत राहिलो.

९ फेब्रुवारीला जिल्ह्याचे खुले सामने आहेत. तिसऱ्या चौकोनावर दीपमालाच बसेल. मिलवर तुझं बिघडेल, हे मला माहीत आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. तरी पुढचं पुंडलिकरावांना जसंच्या तसं वाचून दाखव. तुझ्या शब्दांत सांगू नको, तुझ्या तोंडी माझं बोलणं मऊ होतं.

जर्सी, वर्षभराचा प्रवासखर्च, मला मानधन, आणि चौदा पोरींच्या संघाला दहा जोड्या बूट. अट एवढीच, की टोलीतल्या चौघींनी रेषेबाहेर बसावं. ही देणगी मी, घनश्यामचा मोठा भाऊ गोपीचंद, नाकारतो. रक्कम रुपये एक लाख एकवीस हजार.