गिरणीवरची बाई

आई, मला ऐकू येईनासं झालंय. हे आधी तुलाच सांगते, कारण तू 'वयाप्रमाणे चालायचंच' असं म्हणणार नाहीस. इथे मुरबाडला सगळे तेच म्हणतात. कानाच्या डॉक्टरांनी तर समोर मला बसवून सुनेलाच विचारलं, "या जेवतात ना नीट?" मी म्हटलं, "डॉक्टर, कान गेलेत, जीभ शाबूत आहे." जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज जोडून देणाऱ्या बाईला आता वाटाण्याएवढं यंत्र दिलंय. ते लावलं की भांडी अंगावर येतात आणि माणसं मात्र लांबच राहतात. मी ते डबीत घालून ठेवलंय. घरात सगळे हसले की मीही हसते, आणि मग मोरीत जाऊन उगाच तोंड धुते.

परवा सूनबाई अंगणापलीकडे शेजारणीशी बोलत होती. आवाज काहीच नाही, तरी मला स्वच्छ कळलं, "त्यांना सांगून काय उपयोग, ऐकू कुठे येतंय!" तिच्या ओठांवरून कळलं. हे मी कधी शिकले, माझं मलाच ठाऊक नाही. "मला दिसतं हो सगळं," असं म्हणून मी तिला चांगलीच दचकवली. पण ते समाधान टिकलं नाही, कारण लगेच तू आठवलीस.

आपल्या गावच्या, शेणव्याच्या भाताच्या गिरणीत तू भात ओतायला उभी असायचीस. पट्टा फिरू लागला की कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही. गिऱ्हाईक दारातूनच ओठ हलवायचं, कोंडा वेगळा ठेव, कणी काढ, आणि तू तिथूनच मान डोलवायचीस. त्याच गिरणीने तुझे कान नेले. घरी तू ओरडून बोलायचीस आणि कल्याणच्या कॉन्व्हेंटातून सुट्टीला आलेली मी म्हणायचे, "हळू बोल गं, बहिरी मी नाही."

मग तो दिवस. मी नववीत आहे. तू शाळेच्या फाटकाशी उभी, पदराला कोंडा लागलेला, हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. "बायोऽऽ" अशी हाक मारतेस आणि अख्खा व्हरांडा वळून बघतो. मैत्रीण विचारते, कोण गं? मी हळूच म्हणते, "आमच्या गिरणीवरची बाई." तू वीस पावलांवर, त्यात ऐकू न येणारी. मला कसली भीती? मी फाटकाशी पोचेपर्यंत तू गेलेली असतेस. वॉचमन फडकं हातात देत सांगतो, "गिरणीवरची बाई आलती, एवढंच सांगा म्हणाली."

मला केवढं हायसं वाटलं होतं! नशिबाने तुझ्याच तोंडून माझी थाप निभावली, असं मी पन्नास वर्षं, परवा सूनबाईचे ओठ दिसेपर्यंत, समजत होते. तू पुन्हा शाळेत आली नाहीस. का, म्हणून विचारलं तर म्हणालीस, "गिरणीला सुट्टी नाय गो बाय."

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून यंत्राच्या डबीखाली ठेवते. एक कबूल करायचं राहिलं. डॉक्टरांनी मला एक गोष्ट ओरडून विचारली होती, तुमच्या आईला कमी ऐकू यायचं का? सूनबाई शेजारीच बसली होती. मी म्हटलं, "छे, माझ्या आईचे कान शेवटपर्यंत चांगले होते."